कमरेला बांधलेला स्वेटर

मी क्षमाबाईंचा मरून रंगाचा स्वेटर बोलतोय. परंड्यातल्या भाड्याच्या खोलीत, दाराआडच्या खिळ्याला लटकून. खोलीला बाहेरून कुलूप आहे. थांबलाच आहात, तर ऐका.

माझा जन्म यंत्रावर झाला, आईबाप ठाऊक नाहीत. धाराशिवला रस्त्याकडेला मांडलेल्या ढिगात पडून होतो. क्षमाबाईंनी आधी एक मोतिया रंगाचा स्वेटर अंगाला लावून पाहिला आणि परत ठेवला. मग मला घेतलं. रंग गडद, डाग दिसणार नाहीत. हे मला पुढं कळलं.

त्या एसटीत कंडक्टर, परंडा–कुर्डुवाडी गाडीवर. वय एकोणचाळीस, लग्न केलं नाही. थंडी सरली तरी त्या मला कमरेला बांधायच्या. भर मे महिन्यात, गाडीचा पत्रा तापलेला असतानाही. पाळी आली की आठ-आठ, दहा-दहा दिवस थांबायची नाही. रक्ताच्या गुठळ्या पडायच्या. तिकिटं देता देता डोळ्यांपुढं अंधारी यायची, मग दांडीला धरून उभ्या राहायच्या. सारखं लघवीला लागायचं आणि गाडी काही मध्ये थांबायची नाही. म्हणून पाणी पिणंच सोडलं होतं.

सांगणार कुणाला? खोलीवर आल्या की मला बादलीत भिजवायच्या आणि पाणी लाल होताना नुसत्या बघत बसायच्या.

मग पोट दिसायला लागलं. गाडीत एका म्हातारीनं सरकून जागा दिली. "बस गं लेकी. कितवा म्हैना?" क्षमाबाई हसल्यासारखं करून पुढं गेल्या आणि मला पोटावरून आवळून बांधलं. बिनलग्नाची बाई आणि वाढणारं पोट. गल्लीला तेवढं पुरे होतं.

बातमी त्यांच्या गावी, बेंबळीला पोचली. एका दुपारी त्यांची आई, मुक्ताबाई, आल्या. पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाही.

"क्षमे, खरं सांग. कुणाचं हाय?"

क्षमाबाईंनी मला सोडून बाजूला टाकलं, आईचा हात धरला आणि ओटीपोटावर दाबला. तो हात तिथंच थबकला.

"हे तर दगडावानी लागतंय," मुक्ताबाई हळूच म्हणाल्या. "मलाबी असंच व्हतं गं. लई रगत जायचं. तुझ्या बापालाबी सांगितलं न्हाय म्या."

"मला तरी सांगायचंस, आई."

"लाज वाटायची."

मग धाराशिवला सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गर्भाशयाच्या गाठी आहेत, फायब्रॉइड. कितीतरी बायकांना होतात, लग्न झालेल्या, न झालेल्या. हा कॅन्सर नव्हे. लहान असल्या, त्रास नसला, तर आम्ही नुसतं लक्ष ठेवतो. कधी गोळ्यांवर भागतं. तुमच्या मोठ्या आहेत आणि अंगातलं रक्त फार उतरलंय. आधी रक्त भरू, मग ऑपरेशन."

"पिशवी काढावी लागंल?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"काढता येते, ठेवताही येते. ठेवली तर गाठी पुन्हा होऊ शकतात. यांनी ठरवायचं."

"ठेवा," क्षमाबाई लगेच म्हणाल्या. "माझी आहे ती."

कपडे घ्यायला दोघी परंड्याला आल्या, मला इथं अडकवलं आणि गेल्या. तेव्हापासून मी आणि ही भिंत.

काल घरमालकीण शांताक्का खोली झाडायला आल्या. त्यांच्या फोनवर क्षमाबाईंचा आवाज आला. किती दिवसांनी!

"अक्का, ऑपरेशन झालं. पाच गाठी निघाल्या, एक तर मोसंबीएवढी. आता बेंबळीला आहे, आईकडं. बरं वाटलं की ड्युटीवर येते."

"बरं झालं बाई. जप जिवाला."

शांताक्का बाहेर जाऊन कुलूप लावत होत्या. गल्लीतून कुणीतरी विचारलं, "काय अक्का, मोकळी झाली का तुमची कंडक्टरीण? पोरगा का पोरगी?"

माझी वीण न् वीण ताठ झाली. शांताक्कांना सगळं ठाऊक होतं. आत्ताच तर ऐकलं होतं.

"मला काय म्हाईत," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

माझा आवाज या दाराबाहेर जात नाही. तुमचा जातो. क्षमाबाई परत येतील तेव्हा याच गल्लीतून एकट्या चालत येतील. त्याआधी कुणीतरी सांगा हो या लोकांना. गाठ होती म्हणावं. नुसती गाठ.