चार बोटी जाळं

माझ्या नवऱ्याचा डावा हात मनगटापासून बोटीवर जाळं ओढायच्या विंचमध्ये गेला आणि चार महिन्यांनी परत फुटला. आमच्या भाट्ये गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. कुर्ल्यांना तुटलेल्या नांग्या परत फुटतातच की, म्हणाले. लिहायचं म्हणून नाव घेते: गंगाराम.

पंचाईत झाली ती मापाची. हे जाळी विणतात. उजव्या हातात सुई धरायची आणि डाव्या हाताच्या चार बोटांवर भोक मोजायचं, त्यालाच चार बोटी जाळं म्हणतात. नवा हात तान्ह्या पोराच्या हाताएवढा. त्यावर विणलेल्या जाळ्यातून कोळंबीचं पिल्लूसुद्धा सुटलं नसतं. आणि बोटवाल्या दर्शनशेठना नारळी पौर्णिमेआधी बांगड्याचं जाळं हवं होतं, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार.

शेजारच्या मनस्विनी मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. म्हणाल्या, "सॅलॅमँडर म्हणून पालीसारखा प्राणी असतो. त्याचा पाय तुटला की आधी इवलासा फुटतो. मग नसांमधून निरोप येत राहतो, वाढ, वाढ. अंगाला शोभेल एवढा झाला की घाई थांबते."

मी एवढंच ऐकलं की अंग बघून हात वाढतो. मग काय, सकाळी घावणे, दुपारी उकडा भात, सुरमई, संध्याकाळी परत घावणे. हात वाढला. पोटही वाढलं. उजवा हात बिचारा जुना, त्याला कुणी काही कळवलंच नाही, तो काटकुळाच राहिला. डावा मात्र नव्या पोटाच्या मापाने आला. पंजा म्हणजे सूप!

दर्शनशेठनी त्या पंजावर विणलेल्या जाळ्यातून मूठ आरपार घातली आणि ओरडले, "बांगडा हितून फिरायला जायल! गंगाराम, म्हैनाभर उपाशी ऱ्हा, हात बारीक कर."

मला रडूच कोसळलं. सगळा घोळ माझाच होता. हे मात्र शांत.

"शेट," ह्यांनी तो पंजा मांडीवर ठेवला, "ह्यो हात इतके म्हैने आतून इचारीत व्हता, मानूस केवडा हाय? अंगानं सांगितलं, मोटा. पन्नास वर्सांत मला मोटा मानूस कोन म्हनलं न्हाय. तुमी बी न्हाय. आता ह्याला खोटा पाडू?"

शेठ काम दुसऱ्याकडे घेऊन गेले. मी संतापाने भांडी आदळली, ह्यांना नको नको ते बोलले, आणि बोलता बोलताच ह्यांच्या ताटात आणखी भात वाढला.