जोडव्यांवर वाजणारं यंत्र

हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागच्या बोळात नागोजीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आठवडाभर तो मुके रेडिओ बोलते करायचा आणि रविवार उजाडला की कप्पतगुड्डावर सोनं शोधायला जायचा.

हा डोंगर गदगच्या पुढं. साहेबाच्या काळात तिथं सोन्याच्या खाणी होत्या. साहेब गेला, खाणी बुजल्या, काटेरी झुडपांनी त्यांची तोंडं झाकून टाकली. पण डोंगराच्या पोटात अजून काही उरलं असणार, असं नागोजीला वाटायचं. म्हणून त्यानं यंत्र केलं होतं. वेळूची काठी, तिच्या खाली चाळणीएवढं लाकडी कडं, कड्याला तांब्याच्या तारेचे वेढे आणि वर मुठीजवळ बांधलेला ट्रान्झिस्टर. चालू केलं की ते भुंग्यासारखं गुणगुणायचं आणि खाली धातू आला की सूर चढायचा. आजवर तो सूर बैलांच्या नालांच्या खिळ्यांवर चढला होता, जर्द्याच्या डबीच्या झाकणावर चढला होता, एकदा एका झिजलेल्या विळ्यावरही. नागोजी ते सगळं पुसूनबिसून घरच्या कोनाड्यात मांडून ठेवी. बोळात त्याला बंगारअण्णा म्हणत. कानडीत बंगार म्हणजे सोनं. तोही हाकेला ओ द्यायचा.

त्याची बायको अनुसया मात्र रुसली होती. रुसवा सोन्यावर नव्हता, रविवारावर होता. एकुलती लेक कमल लग्न होऊन कलघटगीला गेली आणि घर धुऊन पालथ्या घातलेल्या घागरीसारखं गप्प झालं. सहा दिवस नवरा दुकानाचा, सातवा दिवस डोंगराचा. तिच्या वाट्याला यायचे ते धुळीनं माखलेले कपडे.

दिवाळी सरल्यावरच्या रविवारी तिनं पहाटेच भाकऱ्या थापल्या, जास्तीच्याच थापल्या. जर्मनच्या परातीसकट फडक्यात बांधल्या, चांगलं लुगडं नेसली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"मी बी येणार."

नागोजीनं उन्हाची भीती घातली, चढाची घातली, काट्यांची घातली. तिनं विचारलं, चढ तुम्ही मला कडेवर घेऊन चढणार हाय काय? तेव्हा तो हसला आणि एक अट घातली. आज यायचं. पण आपल्या कामात खोळंबा झाला, तर पुन्हा हट्ट धरायचा नाही. अनुसयेनं मान डोलावली. आजचा एक दिवस नीट पार पडला की पुढचे सगळे रविवार आपले, एवढं तिनं मनाशी धरलं.

गदगपर्यंत रेल्वे, पुढं बस, मग पायवाट. डोंगरावर वारा असा, की गवताची कणसं एकमेकांच्या कानात काही सांगून लोळत होती. नागोजी यंत्र फिरवत पुढं निघाला. अनुसया चपला काढून, डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन त्याच्या अगदी बाजूनं चालू लागली.

आणि यंत्र गाऊ लागलं.

नागोजीनं खणलं. काही नाही. दोन पावलांवर पुन्हा सूर चढला, पुन्हा खणलं. पुन्हा मातीच. पण सूर खोटा कसा बोलेल? इतकं तर ते कधीच गायलं नव्हतं. आज लक्ष्मीच बरोबर आलीय, असं तो म्हणाला आणि अनुसयेच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ऊन डोक्यावर येईतो त्यांच्या मागं खड्ड्यांची रांग लागली होती.

शेरडं राखणारी म्हातारी लक्कव्वा दगडावर बसून मघापासून हे बघत होती. शेवटी तिला राहवेना. ती कानडीत म्हणाली, अण्णा, यंत्र जमिनीवर नाही रे बोलत, तुझ्या बायकोच्या पायांवर बोलतंय. मग पदराआड हसून अनुसयेला म्हणाली, "यव्वा, तुझा दादला तुलाच खणून काढायला बसलाय बघ."

नागोजीनं कडं अनुसयेच्या पायांशी नेलं. चांदीच्या जोडव्यांवर यंत्र पिपाणीसारखं किंचाळलं.

जोडवी काढ, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले आणि तिथंच विरले. नवरा समोर उभा असताना बायकोला जोडवी उतरवायला कोण सांगणार? खोळंबा झाला होता, अर्ध्या दिवसाचा. अनुसयेनं भाकऱ्या फडक्यात बांधून झाडाला टांगल्या, परात उचलली आणि यंत्राला आपले पाय ऐकू येणार नाहीत इतकी लांब, खालच्या ओढ्यावर जाऊन बसली.

बसून करायचं काय? हात रिकामे राहीनात. तिनं ओढ्यातली वाळू परातीत घेतली आणि घरी जोंधळे रोळावेत तशी रोळू लागली. परात जराशी तिरकी, पाणी आत, एक हेलकावा, पाणी बाहेर. घरी तळाशी राहिलेलं फेकायचं, इथं वर आलेलं सोडून द्यायचं, एवढाच फरक. हाताला लय सापडली तशी ओठांवर ओवीही आली. तिनं ती तिथंच जुळवली.

दगडाला लावी कान, कंथ माझा गं सोनारी
त्याच्यासंगं बसायाला, रविवारा थांब दारी

तळाशी काळी वाळू उरली. आणि काळ्या वाळूच्या काठाला, राजगिऱ्याच्या दाण्याहूनही बारीक, एक पिवळा कण.

तो तिनं बोटाच्या ओल्या शेंड्यावर घेतला आणि हाक मारली. नागोजी धावत आला, गुडघ्यावर बसला, बोट उन्हात फिरवून पाहिलं. मग परात बाजूला सारून, तिचा हात पायांपासून लांब धरायला लावून त्यानं हळूच कडं त्या बोटावर धरलं.

यंत्र गुणगुणत राहिलं. सूर तसूभरही हलला नाही.

त्यानं बटण फिरवून पाहिलं, कडं आणखी जवळ नेलं. काही नाही. एवढासा कण त्याच्या यंत्राला ऐकूच येत नव्हता, आणि या डोंगरात आता असेच कण उरले असणार. नागोजीनं यंत्र बंद केलं. पंगतीत ज्याला वाढायचंच राहून गेलं अशा पोराकडं बघावं तसा तो त्याच्याकडं बघत राहिला.

अनुसयेनं त्याचं तोंड पाहिलं. आता हा पुन्हा डोंगरावर येणार नाही. यंत्र माळ्यावर जाईल, रविवारीही दुकान उघडेल, आणि आजच हाती लागलेला रविवार आजच जाईल.

"चमकी असंल," ती म्हणाली आणि बोट ओढ्यात बुडवलं.

कण गेला. पाणी वाहत राहिलं.

नागोजीनं कण गेला तिकडं पाहिलं. "सोनंच होतं ते," तो सावकाश म्हणाला.

"होतं."

"मग?"

"तुमच्या यंत्राला वाईट वाटलं असतं."

त्यानं यंत्राकडं पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो असा हसला, की वर लक्कव्वाची शेरडं माना वळवून बघू लागली. मग त्यानं काठीवरून ट्रान्झिस्टर सोडला, तारेचे वेढे बाजूला केले, सुई फिरवली. धारवाडचं स्टेशन लागलं, कुणीतरी भावगीत गात होतं. दोघांनी ओढ्यात पाय सोडून भाकरी खाल्ली. जास्तीची लक्कव्वाला दिली.

उतरताना नागोजी म्हणाला, "पुढच्या रविवारी मोठी परात घे. ही उथळ हाय."

अनुसयेनं ऐकलं, पण लगेच आनंद दाखवला नाही. काट्यातून लुगडं सोडवता सोडवता विचारलं, मग यंत्र घरी ठेवायचं काय?

"ते बी येईल की," नागोजी म्हणाला. "तू लांब ओढ्यावर बसणार. तुझी जोडवी कुठं हाईत ते मला कळाया नको?"