थडग्यात उतरलेला झेर्बो

माझा थोरला भाऊ रावगो जानेवारीत गेला, आणि त्याला पुरायच्या दिवशी मी त्याच्या पोराचा हात मोडला. गावातले लोक म्हणतात, नोबिलाने, म्हणजे मी, पुतण्याला वाचवलं. म्हणू देत.

हा पुतण्या, एर्वे, परदेशातून, मार्सेलहून, बारा वर्षांनी आला होता. मुद्दाम कोरड्या हंगामात आला, कारण पावसाळ्यात डास चावतात. इकडे उत्तरेचा धुळीचा वारा सुटलेला, सगळ्यांचे ओठ फुटलेले, आणि हा दिवसभर तोंडाला फडकं बांधून बसायचा. माझ्या बायकोने ज्वारीची बियर पुढे केली की आधी वाडग्याची कड रुमालाने पुसायचा, मग प्यायचा. चौथ्या दिवशी पहाटे त्याचा बाप गेला. पोरगं धाय मोकलून रडलं, तेव्हा मला दयाही आली. पण ते कड पुसणं काही माझ्या डोक्यातून जाईना.

दुपारपर्यंत आम्ही खड्डा खणला. जमीन इतकी कडक झाली होती की तिघांच्या हातांना फोड आले. रावगोला चटईत गुंडाळून आणलं, तेवढ्यात झेर्बो आला.

झेर्बो रावगोचा जिवाभावाचा मित्र. तो सामो जमातीचा, आम्ही मोसी. सामो आणि मोसी यांचं पणजोबांपासून शिवीगाळीचं नातं. भेटलं की एकमेकांना गुलाम म्हणायचं, चोर म्हणायचं, मयतीत तर जास्तच. चिडायचं नाही, आणि एकमेकांचं रक्त कधी काढायचं नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एर्वेला नव्हतं. सकाळीच बायको म्हणाली होती, "अहो, त्या पोराला झेर्बोभावजींचं सांगून ठेवा." मी म्हणालो, "कळेल की त्याचं त्याला." खरं सांगायचं तर मला त्याचा उतरलेला चेहरा बघायचा होता.

झेर्बोने थेट खड्ड्यात उडी मारली आणि आडवा झाला.

"ही जागा माझी! या आळशाला नेऊन फेका कुठेतरी. जन्मभर माझ्या शेतात राबायला नको, गुलाम लेकाचा, आणि निजायला मात्र आयता खड्डा पाहिजे?"

बायका रडता रडता हसायला लागल्या. मग तो खड्ड्यातच उठला, रावगोची टोपी घालून रावगोसारखा लंगडला, त्याचा शेवटचा खोकला खोकला. मीही पोट धरून हसलो.

एर्वेच्या हातात फावडं होतं. पहिली माती त्यानेच लोटायची होती. त्याने विचारलं, "काका, हा बाबांना गुलाम म्हणतोय?"

"हो."

"आणि तुम्ही हसताय?"

मी उलट जास्तच हसलो. तिथेच चुकलो.

झेर्बोचं डोकं खड्ड्याच्या काठाला आलं होतं. एर्वेने फावडं उचलून हाणलं. पहिला फटका सपाट बसला, दुसरा धारेचा, डाव्या डोळ्यावर. नारळ फुटावा तसा आवाज झाला. झेर्बो रावगोच्या खड्ड्यात कोसळला आणि तांबडी माती आणखी तांबडी झाली.

झेर्बोचे दोन्ही मुलगे पुढे आले. तिरडीची लाकडं तोडायला आणलेले कोयते त्यांच्या हातातच होते.

"बाजूला व्हा, काका," थोरला मला म्हणाला.

"अरे, मोसीचं रक्त काढशील?"

"हा कुठला मोसी? मोसी असता तर याने हात उचलला असता का? हा परका आहे. परक्याला आम्ही सोडणार नाही."

एर्वे आमचा नाही असं एकदा ठरलं की त्याचे तुकडे होणार, हे मला लख्ख दिसलं. मी कुदळीचा दांडा उचलला.

"आमचा आहे की नाही ते बघा आता," मी ओरडलो. "आमच्या पोराला आम्हीच झोडणार!"

पहिले चार-पाच दणके दाखवण्यापुरते होते, पाठीवर, मांडीवर. त्यानंतरचे माझे होते. वाडग्याच्या कडेसाठी एक, बारा वर्षांसाठी एक, बाप अंथरुणावर असताना न आलेल्या पत्रांसाठी एक. तो गुडघ्यांवर आला, "काका, काका" करत डोकं हातांनी झाकू लागला. त्याचा ओठ फाटला, कानातून रक्त आलं. मला बरं वाटत होतं. हे सांगायची लाज वाटते, पण वाटत होतं.

तेवढ्यात झेर्बो खड्ड्यातून वर आला, कोपरांवर सरपटत. डोळ्याच्या जागी नुसता चिखल.

"नोबिला, पुरे! माझा गुलाम मारून टाकशील, तर माझं शेत कोण नांगरणार?"

सामोने पुरे म्हटलं की मोसीचा हात तिथेच थांबतो. भाऊ भावाच्या उरावर बसला असेल तरी थांबतो. झेर्बोच्या मुलांनी कोयते खाली केले. गुलाम म्हणून बापानेच याला मोसी ठरवलं होतं, आता त्यांना काही करता येत नव्हतं.

मी ऐकलं. आणि आणखी एक दणका घातला. एर्वेचं मनगट मोडलं.

लोकांना वाटलं, तो दणका झेर्बोने पुरे म्हणायच्या आधीच सुटला होता. झेर्बोचा डोळा गेला. महिनाभर एर्वे त्याच्याच घरी राहिला, एका हाताने त्याची जखम धूत बसायचा. झेर्बो त्याला दिवसभर शिव्या घालायचा, आणि हळूहळू तोही उलट घालायला शिकला.

तो निघाला त्या दिवशी मी त्याची बॅग घेऊन बसपर्यंत गेलो. हाताला प्लास्टर होतं.

"काका, त्यांनी पुरे म्हटलं, ते मला कळलं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला ऐकू आलं होतं ना?"

खोटं बोलता आलं असतं.

"आलं होतं," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातली बॅग काढून घेतली आणि चांगल्या हातात धरून वर चढला. झेर्बो खिडकीखाली उभा राहून "पळाला रे माझा गुलाम!" असं बोंबलत होता. एर्वे रडत रडत हसला, खिडकीतून वाकून त्याने झेर्बोला मिठी मारली. मी तिथेच, रिकाम्या हातांनी उभा होतो. मला तो "येतो" म्हणाला नाही.