सिग्नेचा घेवडा

"येत्या गुरुवारी ही पोटभर जेवणार," वृद्धनिवासाच्या भोजनघरात आपल्या मैत्रिणीच्या, सिग्नेच्या, खुर्चीमागे उभं राहून गुनवोरने जाहीर केलं. "लिहून ठेवा."

परिचारिकेने काही लिहिलं नाही. तिच्या वहीत आधीच पुरेसं लिहिलेलं होतं. सिग्नेचं वजन दोन महिन्यांत सात किलोने उतरलं होतं. वसंतात पक्षाघाताचा झटका आला, त्यात तिचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. 'हो', 'नाही' आणि 'छे' एवढे तीन शब्द मागे राहिले. गिळायला अडचण नव्हती, डॉक्टरांनी दोनदा तपासलं होतं. ती खातच नव्हती. चार घास घ्यायची आणि चमचा ताटाशेजारी सरळ ठेवून द्यायची. असंच चाललं तर महिनाअखेर नळी घालावी लागेल, असं परिचारिका हळू आवाजात म्हणाली होती, आणि त्यावरच गुनवोरने ही घोषणा केली होती.

गुनवोरचं हे असंच. चाळीस वर्षं तिने स्वीडनमधल्या ओलांड बेटाच्या दक्षिण टोकाला टपाल वाटलं, आधी सायकलवरून आणि मग पिवळ्या गाडीतून, आणि एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. हे ती स्वतःच सांगते, पण खरं आहे. अशा बाईला एखादी गोष्ट अवघड आहे हे समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती तडक स्वयंपाकघरात गेली.

तिथे नर्मिनाचं राज्य होतं. तीस वर्षांपूर्वी ती बोस्नियातून इथे आली आणि आता चाळीस म्हाताऱ्यांना दोन्ही वेळा जेवू घालत होती.

"तुमचं जेवण वाईट नाही," गुनवोर म्हणाली. तिच्या लेखी ही स्तुती होती. "पण सिग्नेला तिचा तपकिरी घेवडा हवाय."

"घेवडा मी दर मंगळवारी करते."

"तो तुमचा. मी तिचा म्हणतेय."

नर्मिनाने सुरी खाली ठेवली. "हे बघा बाई, आमच्याकडंही घेवडाच शिजतो. मला दात येण्याआधी आईनं घेवडा भरवलाय. व्हिनेगर किती, काकवी किती, एवढं लिहून आणा. तिच्या एकटीसाठी मी वेगळं पातेलं चढवते. पण कागद एकच आणा हं. तुम्ही बायका तीन आणाल आणि माझ्या डोक्यावर बसून भांडाल."

"तीन कशाला आणू?" गुनवोर म्हणाली.

आता इथे वह्यांचं सांगायला हवं. सव्वीस वर्षांपूर्वी गुनवोर, सिग्ने, दाग्नी आणि मायलिस या चौघींनी एकेक वही घेतली, आणि सिग्नेने नियम घातला की आपली पाककृती आपल्या वहीत लिहायची नाही. ती मैत्रिणीच्या वहीत लिहायची, तिच्याच स्वयंपाकघरात बसून, आपल्या हाताने. आपल्याला येतं ते लिहून काय करायचं, असं तिचं म्हणणं. मग हिवाळाभर त्या एकमेकींच्या घरी जायच्या. पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप, सलगम आणि गाजर घोटून केलेली भाजी, कोबीचं कालवण, सगळं साधं, घरात असेल त्यात होणारं. अशा रीतीने प्रत्येकीच्या वहीत बाकी तिघींचा स्वयंपाक होता आणि स्वतःचा एकही पदार्थ नव्हता. सिग्नेचा घेवडा तीन वह्यांत होता. तिच्या स्वतःच्या वहीत तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी गुनवोरच्या टेबलाशी बसल्या आणि वह्या उघडल्या.

"चौघांसाठी," गुनवोरने मोठ्याने वाचलं. "व्हिनेगर पाच चमचे, काकवी दोन."

"पाच?" मायलिस ओरडली. "अगं, घेवडा करतेस की खिडक्या पुसतेस? माझ्यात बघ. सात जणांसाठी. व्हिनेगर एक चमचा, काकवी दहा."

"दहा चमचे काकवीत माणूस बुडून मरेल," दाग्नी म्हणाली. "माझ्यात दोघांसाठी आहे. काकवी अर्धा चमचा. आणि घेवड्याबद्दल तुम्ही मला शिकवू नका, माझ्या नवऱ्यानं जन्मभर दुसरं काही पिकवलं नाही."

"पिकवणाऱ्याला काय कळतंय? खाणाऱ्याला विचार," गुनवोर म्हणाली.

"तोच खातो की गं!"

दाग्नीने पेन्सिल घेऊन त्रैराशिक मांडलं. कितीही गुणलं, भागलं तरी तिन्ही घेवडे वेगळेच निघाले. अक्षर मात्र तिन्हीकडे एकाच बाईचं, गोल आणि सरळ. सिग्ने शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दीडशे पोरांच्या जेवणाचा फळा रोज लिहून तिचं अक्षर तसं झालं होतं.

"मी तिच्या हातचा घेवडा माझ्याच घरी खाल्लाय," मायलिस म्हणाली. "गोडच होता."

"मीही माझ्या घरी खाल्लाय. सणसणीत आंबट," गुनवोर म्हणाली.

"मग तुझी जीभ वेगळी असेल, भवाने!"

तिघींनाही आपापलीच चव खरी वाटत होती आणि कुणीही खोटं बोलत नव्हतं. अशा भांडणात ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. गुनवोरने आपल्या वहीतलं पान उतरवून घेतलं आणि नर्मिनाला नेऊन दिलं. कागद एकच होता.

मंगळवारी नर्मिनाने घेवडा केला. रात्रभर भिजवला, मंद आचेवर दोन तास शिजवला, दाणा बोटात दाबला तर विरघळेल इतका, आणि मग शेवटी व्हिनेगर घातलं, कारण आधी घातलं तर दाणा मऊ होत नाही, हे तिला बोस्नियातच माहीत होतं. गुनवोरने चाखला. तोच, अगदी तोच! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते व्हिनेगरमुळे आहे असं तिने नर्मिनाला सांगितलं.

तिने वाडगा सिग्नेसमोर ठेवला. सिग्नेने एक चमचा तोंडात घातला आणि मान हलवली, जशी ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात. मग डाव्या हाताने वाडगा हळूहळू टेबलावरून ढकलत गुनवोरच्या पुढ्यात आणून ठेवला.

"खा ना गं," गुनवोर म्हणाली. "तुझाच आहे."

"नाही," सिग्ने म्हणाली. वाडगा तिने आणखी पुढे सरकवला.

परत जाताना गुनवोरने गाडी पवनचक्कीपाशी थांबवली आणि तिथेच बसून राहिली. चाळीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि भीतीची सवय नसल्यामुळे ती आधी रागासारखीच वाटली. सिग्ने जाणार, नळी घालून पडून राहणार आणि मग जाणार, आणि आपल्याला तिला एक वाडगा घेवडा भरवता येत नाही. मी गुनवोर, आणि मला येत नाही.

वही शेजारच्या सीटवर होती. तिने ती उगाच चाळली. सिग्नेच्या अक्षरातलं सूप, सिग्नेच्या अक्षरातली कोबी. सिग्नेच्या सगळ्याच पानांवर व्हिनेगर होतं. सुपातसुद्धा. गुनवोरला आंबट आवडतं, लोणच्याच्या बरणीतलं पाणी ती पिऊन टाकते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मायलिसची पाच पोरं गोडाशिवाय घास उचलत नसत. आणि दाग्नीच्या नवऱ्याला साखरेचा आजार.

गुनवोरने वहीच्या मुखपृष्ठावर आपलंच नाव वाचलं. पत्र तिच्या नावाचं होतं. ती ते सिग्नेच्या दारात टाकायला निघाली होती.

"गाढव," ती मोठ्याने म्हणाली. मग तिने दाग्नीला फोन लावला.

"सिग्नेला स्वतःला कसा आवडतो?" तिने विचारलं.

"ती जेवायला कधी बसायची गं?" दाग्नी म्हणाली.

हेच. 'मी चाखता चाखताच जेवले,' असं ती चुलीपाशी उभी राहून म्हणायची, आणि सव्वीस वर्षं तिघींनी ते खरं मानलं होतं. तिच्या हातचं चवीने खाल्लं, आणखी वाढून घेतलं, पण तिचं ताट कुणी पाहिलं नाही. दोघींनाही आपली लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

पण लाजेत फार वेळ घालवणं गुनवोरला जमत नाही. गुरुवारी दुपारी तिघी वृद्धनिवासात हजर झाल्या. नर्मिनाने दारातच अडवलं.

"नवीन कागद?"

"कागद नाही," गुनवोर म्हणाली. तिचा आवाज पुन्हा जाग्यावर आला होता. "घेवडा नुसता शिजवून द्या. मीठसुद्धा नको. मीठ, व्हिनेगर, काकवी वेगवेगळी द्या. आणि वाडगे चार."

"असा बेचव घेवडा मी कुणापुढं ठेवत नाही."

"मग तुम्हीही येऊन बसा आणि बघा."

नर्मिना ॲप्रन काढून खरोखरच येऊन बसली. टेबलावर घेवड्याचं वाफाळतं पातेलं, मिठाची वाटी, दोन बाटल्या, आणि नेहमीच्या जेवणातला राय धान्याचा मऊ पाव आणि लोणी. सिग्नेने सगळ्यांकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.

"आज तू वाढ," गुनवोर म्हणाली. "आम्हाला येत नाही."

गुनवोरला आपल्याला एखादी गोष्ट येत नाही असं म्हणताना दाग्नीने प्रथमच ऐकलं, आणि तिने मायलिसला टेबलाखालून पाय मारला.

सिग्नेने डाव्या हाताने पळी धरली. थोडं सांडलं, कुणी मदतीला हात पुढे केला नाही. पहिला वाडगा तिने भरला, त्यात व्हिनेगर ओतलं, भरपूर, आणि तो गुनवोरपुढे ढकलला. दुसऱ्यात काकवी, थांब थांब म्हणावं इतकी. तो मायलिसला. मायलिसने चाखला आणि रडायलाच लागली. तिची पोरं केव्हाच मोठी होऊन बेट सोडून पुलापलीकडे, मुख्य भूमीवर राहायला गेली होती. तिसऱ्यात काकवीचा जेमतेम थेंब, तो दाग्नीला. मग सिग्नेने नर्मिनाकडे पाहिलं, थोडा विचार केला, चौथा वाडगा उचलला आणि तिच्यासाठी भरायला घेतला.

"छे," गुनवोरने तिचाच शब्द वापरला आणि वाडग्यावर तळहात ठेवला. "तो तुझा. नर्मिना तिच्या आईच्या हातचं खाऊन आलीय."

सिग्नेची पळी हवेतच थांबली. ती गुनवोरकडे बघत राहिली, इतका वेळ की घेवड्याचं पाणी टेबलक्लॉथवर ठिबकायला लागलं. गुनवोरने हात काढला नाही आणि नजरही काढली नाही. नळीचं काय ते याच वाडग्यावर ठरणार होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी सिग्नेने पळी पातेल्यात सोडली. वाडग्याकडे तिने पाहिलंही नाही. पावाची एक चकती घेतली, तिच्यावर जाड लोणी थापलं, पातेल्यातून दोन चमचे घेवडा काढून काट्याने त्यावर ठेचला आणि वर चिमूटभर मीठ भुरभुरलं. व्हिनेगरची बाटली मध्ये येत होती, ती तिने मनगटाने बाजूला सारली.

"छे," ती बाटलीला म्हणाली.

आणि तिने खाल्लं. घास चावून, हनुवटीवरचं लोणी पुसत, चकती पूर्ण संपवली. दुसरी घेतली.

"सव्वीस वर्षं!" दाग्नी म्हणाली. "सव्वीस वर्षं हिनं आंबट-गोड ढवळलं, आणि हिला यातलं काही नकोच होतं?"

"आमची आजी असंच खायची," नर्मिना म्हणाली. "लोणी आणि मीठ. आम्हाला वाटायचं की गरीब म्हणून." ती उठून आणखी पाव आणायला गेली.

दारात परिचारिका उभी होती. तिने या वेळी वही उघडली आणि लिहिलं. गुनवोरने तिला दोन बोटांनी दोन चकत्या दाखवल्या, म्हणजे आकडा चुकायला नको.

मग गुनवोरने सिग्नेच्या खोलीतून सिग्नेची वही आणली. तिच्यात दाग्नीचं अक्षर होतं, मायलिसचं होतं, आणि गुनवोरचं टपालखात्याला शोभेल असं मोठं. कोरं पान काढून ती सिग्नेशेजारी बसली. नियमात जवळजवळ सगळं बसत होतं. मैत्रिणीची वही, मैत्रिणीचं टेबल, आणि आपला हात. पाककृती तेवढी आपली नव्हती.

"सिग्नेचा घेवडा," ती लिहिताना बोलत होती. "व्हिनेगर नाही. काकवी नाही. मीठ चिमूटभर. लोणी..."

सिग्नेने अंगठा आणि बोट यांत जाडी दाखवली.

"बाप रे. लोणी पुष्कळ." मग तिला आठवलं की वरची ओळ राहिलीच. सिग्नेची प्रत्येक पाककृती त्या ओळीने सुरू होत असे. "किती जणांसाठी लिहू?"

सिग्नेने तोंडातला घास गिळला. तिघींकडे एकेक करून पाहिलं, नर्मिनाकडेही पाहिलं. मग डावा हात वर केला आणि एकच बोट दाखवलं.

'एकटीसाठी,' असं गुनवोरने लिहिलं, आणि सिग्नेने तिसऱ्या चकतीला लोणी लावायला घेतलं.