मिठाची बरणी आणि एक घोट

मी मिठाची बरणी. या घरात मला कुणी कधी काही विचारलं नाही. भाजी अळणी झाली की मात्र सगळ्यांना माझी आठवण येते. आज मीच बोलते, कारण गप्प बसून माझा जीव गुदमरायला लागला आहे.

माझा जन्म मातीतला. कुंभाराने मला चाकावर उभं केलं, वरून तपकिरी झिलई चढवली आणि भट्टीत घातलं. माझ्या शेजारच्या दोघी भट्टीतच तडकल्या, मी तेवढी धड बाहेर आले. बाजारात एका नव्या नवरीने मला टिचकी मारून पाहिलं, आवाज ऐकला आणि म्हणाली, "हीच द्या." ती नवरी म्हणजे आताची आमची म्हातारी.

घर म्हणजे तरी काय, पुढे लाँड्री आणि मागे स्वयंपाकघर. मधल्या चौकटीला दार नाही, त्यामुळे माझ्या फळीवरून इस्त्रीचं टेबल स्पष्ट दिसतं. म्हातारीचा नवरा तिथे उभा राहून म्हातारा झाला आणि गेला. मग मुलगा उभा राहिला. त्याचं लग्न झालं आणि सून आली. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत. कपडे न्यायला आलेला माणूस तिच्याशी गप्पा मारता मारता पिशवी तिथेच विसरून जायचा, इतकी ती बोलघेवडी. गाणं गुणगुणल्याशिवाय तिच्या हातून एक सदरा इस्त्री व्हायचा नाही.

म्हातारीचा माझ्यावर भारी विश्वास. घसा बसला, मिठाच्या गुळण्या. पाय मुरगळला, मिठाचा शेक. मुलगा लहान असताना कुंपणावरची कसलीशी फळं खाऊन आला होता. हिने मिठाचं पाणी पाजलं, घशात बोट घातलं, सगळं बाहेर काढलं. संध्याकाळी पोरगं अंगणात उड्या मारत होतं. मला विचाराल तर ते तसंही वाचलं असतं. पण म्हातारीने मनाशी पक्कं केलं की पोटात नको ते गेलं की मीठ. पुढे तिने हे साऱ्या गल्लीला शिकवलं, आणि माणसं एकदा कामी आलेली गोष्ट किती घट्ट धरून बसतात ते मी पाहत राहिले.

इस्त्रीच्या टेबलावर एक प्लॅस्टिकची बाटली असते. टोपणाला बारीक भोकं पाडलेली. दाबली की कपड्यावर पाणी शिंपडलं जातं. उन्हाळ्यात इस्त्रीच्या धगीपुढे तहान लागली की हीच बाटली तोंडात दाबायची, ही या घराची सवय. मुलगा तसाच प्यायचा, सूनही तशीच. पेला घ्यायला आत कोण येतंय.

मग एका हॉटेलची टेबलावरची कापडं धुवायला यायला लागली. सगळी तेलकट डागांनी भरलेली. मुलाने त्यासाठी कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा मोठा कॅन आणला. कॅन जड, ओतताना सांडायचा, हाताला चटके बसायचे. म्हणून त्याने ते दुसऱ्या एका तसल्याच बाटलीत भरलं आणि टोपणाला तशीच भोकं पाडली, म्हणजे डागावर नेमकं शिंपडता येईल. स्वतःच्या अकलेवर स्वारी खूश होती.

"या बाटलीला हात लावायचा नाही हं," तो बायकोला म्हणाला.

"बरं बाई, नाही लावत," ती हसून म्हणाली.

ती बाटली त्याने उंच फडताळात ठेवली. पहिले काही दिवस आठवणीने ठेवली.

त्या दुपारी हॉटेलवाल्याचे फोनवर फोन येत होते. मुलाने घाईघाईत डाग काढले, कापडं टेम्पोत टाकली आणि गेला. बाटली टेबलावरच राहिली. सून येऊन इस्त्रीला उभी राहिली. घामाने निथळत होती. तिने न बघता हात लांब केला आणि बाटली तोंडात दाबली.

एक घोट. त्याला ना रंग, ना वास. कळायच्या आत तो गिळला गेला होता.

ती धावत आत आली ती थेट नळाकडे. तोंड उघडं, लाळ गळतेय, ओठ पांढरे पडलेले. तिने चूळ भरली, थुंकली, पुन्हा भरली. त्या घरात त्या दिवशी योग्य असं जे काही झालं, ते एवढंच.

"काय झालं गं?" म्हातारी घाबरून उठली.

"ती... बाटली... आग होतेय, आई."

"अगं, चुळा भरून काय होतंय? पोटात गेलंय ते. आधी बाहेर काढायला हवं."

आणि तिचा हात माझ्यात आला. मूठ, अजून एक मूठ. तांब्यात ढवळलं. सून नको नको म्हणून मान हलवत होती, पण म्हातारीने तिला पोटाशी धरलं, पोरीसारखी, आणि तांब्या तोंडाला लावला. वेड्या प्रेमाचा हात होता तो. मग घशात बोट घातलं. सून ओकली. पहिल्यांदा पाणी पडलं, मग रक्त.

मला हात असते तर मी माझं झाकण आतून ओढून धरलं असतं.

मुलगा आला आणि तिला टेम्पोत घालून घेऊन गेला. थोड्या वेळाने तो एकटाच परत आला. दवाखान्यात विचारलं होतं, काय प्यायल्या, त्याचा डबा आणलात का? त्याने कॅन ओढून काढला आणि आमच्या ओट्यावर उभा केला. त्यावर बारीक अक्षरं होती. तो ती मोठ्याने वाचायला लागला, बहुतेक आपण काय वाचतोय याचं भान न राहून.

"गिळल्यास तोंड पाण्याने खळखळून धुवावे. उलटी करवू नये."

म्हातारी माझ्यापुढे उभी होती. तिने पुन्हा विचारलं, "काय करू नये?"

तो कॅन उचलून निघून गेला.

पुढचं सगळं माझ्या कानावर पडलेलं. डॉक्टर म्हणाले, हे खाली जाताना जाळतं आणि वर येताना पुन्हा जाळतं. न विचारता काहीही पाजायचं नसतं, ना मीठ, ना लिंबू. दवाखान्यात फोन करायचा, ज्यातलं पोटात गेलं तो डबा बरोबर घ्यायचा आणि निघायचं. हे इतकं सोपं कुणी आधी का सांगितलं नाही, असं मुलगा भिंतीकडे बघून बडबडत होता. कॅनवर ते लिहिलेलंच होतं.

सून घरी आली ती पोटात नळी घेऊन. अन्ननलिका आक्रसून गेली आहे. पातळ पेज पिचकारीने नळीत सोडतात. दर काही दिवसांनी घसा रुंद करायला नेतात, तो पुन्हा आवळतो. डॉक्टर आता पुढचं काही बोलत नाहीत. तिचा आवाज कोरड्या पानासारखा झाला आहे. गिऱ्हाइकं कपडे घेतात आणि खाली बघून निघून जातात.

म्हातारीने मीठ सोडलं. भाकरी अळणी, डाळ अळणी. मुलगा निमूट जेवतो. काल तिने मला उचललं आणि मागच्या दगडावर आपटायला नेलं. सुनेने मागून येऊन तिचं मनगट धरलं.

"बरणीचं काय चुकलं, आई?" त्या उरल्यासुरल्या आवाजात तिने विचारलं.

"मग कुणाचं चुकलं?"

दारात मुलगा उभा होता. सून त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हातारीकडे, मग स्वतःच्या हाताकडे. तिनेच मला म्हातारीच्या हातून घेतलं आणि फळीवर आणून ठेवलं.

मी वाचले, पण याचा मला काडीचाही आनंद नाही. मला एवढंच मागायचं आहे. ज्या बाटलीतून घरातलं माणूस पाणी पितं, तसल्या बाटलीत दुसरं काही भरू नका. आणि तरीही कधी कुणाच्या घशाखाली असला घोट उतरलाच, तर त्या माणसाला नळापासून ओढू नका. त्याला चुळा भरू द्या. तो डबा घ्या, दवाखान्याकडे धावा. फळीकडे वळू नका. तिथे मी असेन, काठोकाठ भरलेली, आणि मला तुमचा हात अडवता येणार नाही.