उलटा खिसा

टेलरबाईंच्या पोटात दुखत होतं आणि त्या दुखण्याला औषध नव्हतं. दुखण्याचं नाव धाकटी जाऊ.

निम्म्या गल्लीचे कपडे टेलरबाईंनी शिवलेले. कात्री चालायची डाव्या हाताने, पण टाके असे की पट्टीने लाजावं. त्यांची लेक चिमी मात्र घरात सुईला शिवत नसे. शिवेल कशी? पोरीचा टाका जरा तिरका गेला की आईसाहेब लगेच उसवायला बसायच्या! तीच चिमी वाचनालयात काकूच्या कापडकामाच्या वर्गाला उड्या मारत जाई आणि घरी आली की "काकू म्हणते, काकू म्हणते" असा जप लावी. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! त्या काकूला धड काज करता येत नव्हतं. टेलरबाईंचा नुसता जळफळाट होई.

वर्गातली मुलं कापडाची भिंत करत होती. प्रत्येकाने आपल्या माणसासाठी एक खिसा शिवून आत काहीतरी दडवायचं आणि त्या माणसाने डोळे मिटून, हात घालून ते ओळखायचं.

प्रदर्शनाच्या सकाळी टेलरबाई मुद्दाम लवकर पोचल्या. जाऊ बाहेर खुर्च्या मांडत होती. भिंतीवरच्या सगळ्या खिशांची तोंडं उजवीकडे, आणि चिमीच्या निळ्या खिशाचं तेवढं डावीकडे. टेलरबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. टेलरच्या पोरीला खिसा लावता येत नाही, हेच चारचौघांत दाखवायचंय हिला! ब्लेड आणि सुईदोरा पर्समध्ये होताच. आत काय आहे तेही न बघता त्यांनी खिसा उसवला, फिरवला आणि बारीक टाक्यांनी झटपट शिवून टाकला. आता बघू दे लोकांना, खरी कारागीर कोण ते. त्यांना फार बरं वाटलं.

थोड्या वेळाने चिमी धावत आली. "आई, डोळे मीट. हात घाल."

टेलरबाईंनी हात पुढे केला, सवयीचा, डावा. तो शिवणीवर जाऊन अडला. मनगट वळवून पाहिलं, तरी बोटं आत शिरेनात.

"अगं, हा फिरवला कोणी?" जाऊ म्हणाली. "ताई, मी हिला सांगत होते, सगळ्यांसारखा लाव. ऐकेल तर शपथ! म्हणे, आईचा हात डावा आहे, तिला उजवीकडून कसं जमेल?"

टेलरबाईंनी डोळे उघडले. चिमी टाक्यांवरून बोट फिरवत होती. एवढे सरळ टाके एकाच हाताचे, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"इथेपण उसवलास?" तिने विचारलं.

टेलरबाईंनी पर्स पाठीमागे घेतली. चिमी जाऊन काकूला बिलगली.