सारवलेली भिंत

अचलपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, लीलाबाईच्या संत्र्याच्या बागेत भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्या प्रतीक्षानं दोन पुरुष खोल चर खणवला होता. त्याच्या भिंतीत मातीचे थर कुठं तुटलेत ते पाहून ती जुने भूकंप शोधायची. पुढं धोका किती, तेही त्यावरूनच ठरायचं म्हणे. लीलाबाईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नवरा गेला, लेक पुण्याला, त्याचा फोन पोळ्याला नाहीतर दिवाळीला. घरात जेवायला, चहाला, भांडायला एक पोरगी आली, हेच तिला फार होतं.

"उद्या नागपूरचे मोठे लोक भिंत बघायला येतील, आजी. मग चर बुजवायचा आणि मी निघाले," असं सांगून प्रतीक्षा सामान आणायला परतवाड्याला गेली.

लीलाबाईचं घर पुन्हा रिकामं होणार होतं. पण पाहुणे येणार म्हटल्यावर बाईमाणूस रडत बसतं थोडंच? भिंत बघायला येणार, अन् भिंत ही अशी उघडीबोडकी. पोरीची लाज राखायला हवी. तिनं शेणमाती कालवली, शिडीनं खाली उतरली, थरांच्या खुणेसाठी प्रतीक्षानं भिंतीत ठोकलेले खिळे उपटून वाटीत नीट ठेवले, त्यांना ताणलेल्या सुतळ्या गुंडाळल्या आणि अख्खी भिंत लग्नघरासारखी सारवून काढली.

प्रतीक्षा परतली ती थेट चरात उतरली.

"आजी, सगळे भूकंप पुसलेत तुम्ही."

"पाहुणे येऊन राहिले म्हनून…" लीलाबाई म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुण्यांना नंतर या म्हणून कळवलं. दोघी खुरपी घेऊन भिंत खरवडायला बसल्या. काम लांबलं, आणि खरं सांगायचं तर लीलाबाई मनातून सुखावली होती. त्या सुखाची तिला लाजही वाटायची. हळूहळू थर पुन्हा दिसले. जमीन इथं पूर्वी दोनदा हलली होती, पुन्हाही हलेल. कधी, ते मात्र सांगता येत नाही, असं प्रतीक्षा म्हणाली.

मग पाहुणे येऊन गेले आणि चर बुजवायला जेसीबी आला. एका कोपऱ्यात सारवण तसंच होतं, लीलाबाईची बोटं त्यात उमटलेली.

"थे खरवडाचं राह्यलं," ती म्हणाली.

"मुद्दाम ठेवलंय, आजी. हजार वर्षांनी कोणी खणलं तर कळेल, इथं एक बाई राहत होती."

जेसीबीनं पहिली माती लोटली. लीलाबाई ती पडताना पाहत राहिली.

"मी आज इथं हाओ, थे कोनाले मालूम नाही, माय. हजार वर्सानं मालूम होऊन काय करू?"